पेट्रोल बाहेर, आकडा आत

गाडी चालवणाऱ्याला पेट्रोलबद्दल एकच गोष्ट समोर दिसते, ती म्हणजे टाकीत किती उरलंय. ते टाकीतून इंजिनापर्यंत किती जोराने पोचतंय, हे सांगणारा काटा कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत नसतोच. वेग दिसतो, इंजिनाचे फेरे दिसतात, पाणी तापलं तर तेही कळतं. ज्या दाबावर ज्वलनाचा सगळा हिशोब उभा आहे तो मात्र बॉनेटखाली नळीत बंद.

यंदाच्या अंकाचा विषय 'डोळ्यांआड' ठरला. "जे सतत चालू असतं पण कुणी बघत नाही, असं काहीतरी बघून या," एवढंच संपादकांचं सांगणं. मी कोल्हापूरची वाट धरली. शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. जुन्या गाड्यांना फ्युएल प्रेशरचा इलेक्ट्रिक मीटर बसवून देतात. पाटी नाही, जाहिरात नाही. गो-कार्ट आणि रॅलीच्या नादी लागलेली पोरं त्यांच्याकडे येतात आणि तितकेच, दुसरीकडे पैसे घालून दमलेले साधे गाडीमालकही.

मी गेलो तेव्हा दारात एक चंदेरी बलेनो उभी होती. ही आत्ताची हॅचबॅक नव्हे, १९९९ ते २००७ या काळात विकली गेलेली १.६ लिटरची सेडान. मालक गगनबावड्याकडचे शिक्षक, सासुरवाडी वैभववाडीची. सासुरवाडीहून परतताना करूळ घाट चढायला लागलं की गाडी दम टाकायची. प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला, इंजेक्टर धुऊन झाले. आता एका ठिकाणी नवा पंप घाला म्हणून सांगितलं होतं.

"बदलून बघूया म्हणणारे लई हाईत, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "आदी दाब बघूया की."

तीन किलोंवरचा विश्वास

इंजेक्टर ही खरं तर विजेवर उघडझाप करणारी तोटी. कॉम्प्युटर तिला काही हजारांश सेकंद उघडतो आणि बंद करतो. तेवढ्या वेळात किती पेट्रोल आत गेलं, हे तो मोजत नाही. तो फक्त वेळ मोजतो आणि गृहीत धरतो की मागे दाब ठरल्याएवढा आहे. बहुतेक पोर्ट-इंजेक्शन गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या घरात असतो. गॅरेजात त्याला तीन किलो, चार किलो म्हणतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरमागे तेवढे किलो. बार आणि या किलोत दोन टक्क्यांचाच फरक आहे, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. पीएसआयच्या हिशोबात तीन बार म्हणजे साडेत्रेचाळीस.

दाब घसरला तर त्याच वेळात कमी पेट्रोल पडणार. किती कमी, तेही ठरलेलं आहे: प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब दुप्पट केला तर पेट्रोल दुप्पट येत नाही, साधारण ४१ टक्के वाढतं. उलट तीन बारचे दोन झाले तर अठरा टक्के कमी पडतं. रमतगमत चाललेल्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करतो. पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि आपल्या पाठ कोष्टकावर चालतो. नेमक्या त्याच वेळी पेट्रोल सगळ्यात जास्त लागत असतं. म्हणून सपाटीला गुणी वाटणारी गाडी घाटात नखरे करते, आणि गॅरेजात उभी केली की पुन्हा गुणी होते.

टर्बो असेल तर मामला आणखी नाजूक. टर्बो एक बारचा दाब इनटेकमध्ये कोंबतो तेव्हा इंजेक्टरच्या तोंडाशी समोरून तेवढा विरोध उभा राहतो. म्हणून रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतला, दाबही बरोबरीने एक बारने वाढावा लागतो. नाही वाढला तर मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनचं डोकं वितळायला फार वेळ लागत नाही. ट्यूनिंगवाल्या पोरांच्या डॅशबोर्डवर हा मीटर हौसेचा वाटतो खरा, पण त्यांनाच त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

ओल्या फडक्याचे दिवस

पूर्वी याची गरज का पडली नाही? कारण कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब असा नव्हताच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा पंप इंजिनाच्या कॅमवर चालायचा आणि पेट्रोलला जेमतेम पाव किलोच्या आसपास ढकलायचा. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की तरंगणारा फ्लोट सुई बंद करायचा, संपलं काम. पंप बिघडला तर डायाफ्राम बदलायचा.

त्या काळचं दुखणं वेगळं होतं. एवढ्या कमी दाबात पेट्रोल तापलं की नळीतच उकळतं, वाफ अडकते आणि पंप नुसतीच वाफ मळत बसतो. मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलेली टॅक्सी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याच्या कितीतरी आधी, २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटर मागे पडला होता. पंप टाकीत जाऊन बसला, दाब दहापट वाढला, ओल्या फडक्याची गरज संपली. त्याबरोबर दोष हाताला लागणंही संपलं. पद्मिनीच्या पंपाला हाताने दाबायची कळ होती, पेट्रोल येतंय की नाही ते बोटाला समजायचं. टाकीच्या पोटातल्या पंपाचा फक्त आवाज येतो, आणि आवाज करणारा पंप काम करतोच असं नाही.

काचेमागे पेट्रोल नको

दाब मोजायचा सगळ्यात साधा मार्ग १८४९ पासून उपलब्ध आहे. युजीन बूर्दों या फ्रेंच कारागिराने त्या वर्षी पेटंट घेतलं. एका टोकाला बंद असलेली, चपटी आणि वाकवलेली धातूची नळी. आत दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या बॉयलरवर हाच काटा आहे. तो नीट पाहिला तर त्याच्याखाली नळीचा एक वेटोळा दिसेल. त्यात पाणी साठून राहतं आणि जळती वाफ काट्यापर्यंत पोचत नाही, फक्त तिचा दाब पोचतो.

गाडीतही बूर्दोंचा काटा लावता येतो. पण मग पेट्रोलची नळी फायरवॉलमधून आत, डॅशबोर्डपर्यंत आणावी लागते, चालकाच्या मांडीपासून हातभर अंतरावर. तीन किलो दाबाखालची ती नळी सुटली की काय होईल, याची कल्पना करायला मिस्त्री लागत नाही. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि हवेत दीड टक्का वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते.

इलेक्ट्रिक मीटरने हीच अडचण सोडवली. पेट्रोल बॉनेटखालीच राहतं, सेन्सरही तिथेच, आत येते फक्त तार. सेन्सरच्या पोटात दाबाने किंचित वाकणारा पडदा असतो आणि त्या वाकण्याने विजेचा रोध बदलणारी पट्टी. चिकटवायची स्ट्रेन गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, कॅल्टेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज यांनी. पुढे १९५४ मध्ये बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉनमध्ये हा परिणाम कितीतरी पटींनी मोठा असतो हे दाखवलं, आणि हळूहळू सेन्सर अंगठ्याएवढा झाला.

मिस्त्रींनी काढला तो शंभर पीएसआयचा, तीन तारांचा: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. दाब शून्य असताना तो अर्धा व्होल्ट देतो, शंभरला साडेचार. सुरुवात अर्ध्यापासून का, शून्यापासून का नाही? शून्य आलं तर तार तुटली समजावं म्हणून. दाब नसणं आणि खबर नसणं यांत इतक्या स्वस्तात फरक करणारी योजना मला तरी फार आवडली.

लेथवर

मीटरची पेटी उघडायच्या आधी निम्मं काम नळकामाचं. रेलवर मोजायला तोटी असलेल्या गाड्या अमेरिकेत खूप. आपल्याकडच्या जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुधा नसते. त्यामुळे फिल्टर आणि रेल यांच्यामधला रबरी होज कापून तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा. रेललाच भोक पाडून आटे मारणारे लोकही आहेत. त्यांचं नाव काढलं तर मिस्त्री तोंड वाकडं करतात. रेलची भिंत पातळ असते, आट्यांना पकड मिळत नाही आणि छिलका आत पडला तर थेट इंजेक्टरमध्ये.

टी बाजारात तयार मिळतो, पण उद्यमनगरात राहून तो विकत घेणं इथे कमीपणाचं मानतात. समोरच्या लेथवर पितळेचा सळईतुकडा लागला. दोन्ही टोकांना होज घट्ट बसावा म्हणून कंगोरे, मधे सेन्सरसाठी एक-अष्टमांश एनपीटीचे आटे. हे आटे निमुळते असतात, इंचाला सत्तावीस, आणि दर सोळा इंचांना एक इंच व्यास कमी होईल एवढा उतार. ते जसजसे आत जातात तसतसे पाचरीसारखे आवळत जातात. म्हणूनच पान्ह्यावर जोर काढणाऱ्याच्या हातून पितळ फाटतं. टर्नरने टॅप अर्ध्यावर थांबवला, सेन्सर हाताने घालून बघितला, आणखी दोन फेरे मारले. "हातानं तीन फेरे, पान्ह्यानं दीड," त्याने सांगितलं. आट्यांवर टेफ्लॉन टेप नाही, पेट्रोलला टिकणारं पातळ सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून. टेपचा धागा सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकल्याच्या कथा इथे प्रत्येकाकडे आहेत.

होज कापण्याआधी दाब उतरवला. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केलं, ते नळीतलं पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडलं. मग टाकीचं झाकण सैल केलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती खड्ड्यात साठते, म्हणून गाडी खड्ड्यावर घेतलीच नाही, दारातल्या उघड्यावर ठेवली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारून पंधरा मिनिटं चहाला पाठवलं. एवढं करूनही होज सुटताना चहाच्या कपभर पेट्रोल फडक्यात आलंच.

नवा होज आर-नाइन दर्जाचा. आर-सेव्हन कार्ब्युरेटरसाठी, दिसायला सारखाच आणि निम्म्या किमतीत. क्लिपाही स्क्रूच्या दातऱ्या पट्टीच्या नव्हेत, होजला न चावणाऱ्या गुळगुळीत. सेन्सर थेट टीवर न लटकवता वेणीदार नळीच्या तुकड्याने फायरवॉलवर नेऊन पट्टीत बसवला, कारण इंजिनाच्या हादऱ्याने लटकता सेन्सर वर्ष-दोन वर्षांत मान टाकतो.

उसाचं पेट्रोल

होजबद्दल एवढी चिकित्सा कशाला, असं शिक्षकांनी विचारलं. उत्तर त्यांच्या शेजारच्या शेतात होतं. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आधी २०३० साठी ठेवलेलं उद्दिष्ट २०२५ वर आणलं गेलं. त्यातला बराचसा इथेनॉल उसाचा, आणि ऊस कोणाचा हे कोल्हापुरात सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले तेव्हा इथे जो गलका झाला, तो पुढच्या ऑगस्टमध्ये निर्बंध उठेपर्यंत चालू होता.

शेतकऱ्याच्या बाजूने हे चांगलंच. वीस वर्षांच्या बलेनोच्या बाजूने जरा कठीण. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतो, टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवतो आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे तीच ताकद काढायला जास्त द्रव पुरवावा लागणार. दहा वर्षांपूर्वी काठावर पास होणारा पंप आता नापास होतो. जुन्या गाडीवाल्यांचा इथेनॉलवरचा राग मला पूर्ण पटत नाही. बऱ्याच गाड्यांत दुखणं आधीचंच होतं, इथेनॉलने ते उघडं पाडलं. पण नियम करताना या गाड्यांचा होज कोण बदलणार आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न कुणी घेतला नाही, हेही खरंच.

तारा

फायरवॉलमध्ये नवं भोक पाडायची गरज पडली नाही. वायरिंगच्या जुन्या रबरी बुचातून तीन तारा आत ओवल्या, स्पार्क प्लगच्या केबल आणि ऑल्टरनेटरपासून लांब. मीटर ५२ मिलिमीटरचा, विंडस्क्रीनच्या डाव्या-उजव्या खांबावर बसणाऱ्या कपात. ज्या गाड्यांच्या खांबात पडदा-एअरबॅग आहे तिथे मिस्त्री हा कप लावायला साफ नकार देतात. एअरबॅग फुटली तर मीटर गोळीसारखा येतो. या बलेनोत तो प्रश्न नव्हता.

लाल तार इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजला, नारिंगी पार्किंग लाइटला म्हणजे रात्री मीटर मंद होईल. काळ्या तारेवर मात्र मिस्त्रींनी अर्धा तास घालवला. जवळच एक स्क्रू होता, तिथे अडकवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवलं: सेन्सर आणि मीटर यांच्या अर्थमध्ये दशांश व्होल्टचा जरी फरक पडला तरी शंभराच्या मीटरवर अडीच पीएसआयची चूक होते. मग माणूस पंपाला दोष देत बसतो आणि चोर असतो गंजका स्क्रू. दोन्ही अर्थ एकाच, घासून चकचकीत केलेल्या बोल्टवर आणले.

चावी फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला, काटा तीन बारला थोडा कमी राहून स्थिर. सिग्नलच्या तारेवर जेमतेम सव्वादोन व्होल्ट, हिशोबाबरहुकूम. टीभोवती टॉर्च फिरवून थेंब शोधला, नव्हता. इंजिन सुरू होताच काटा अडीचच्या खाली आला आणि शिक्षकांचा चेहरा उतरला. ते काळजीचं कारण नव्हतं. या गाडीत रेलवरचा रेग्युलेटर इनटेकमधल्या निर्वाताशी जोडलेला असतो आणि आयडलला दाब मुद्दाम खाली ठेवतो. मिस्त्रींनी ती बारीक नळी उपसली, काटा पुन्हा तीनवर. इंजिन बंद केल्यावर पाच-सात मिनिटं काटा जवळपास हलला नाही, म्हणजे पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह शाबूत आणि इंजेक्टरही गळत नव्हते. गाडी न हलवता एवढं कळलं.

करूळ

संध्याकाळी उशिरा वैभववाडीच्या बाजूने घाट चढायला घेतला. तिसरा गिअर, अॅक्सिलरेटर तळाला. निर्वात नाहीसा झाल्यावर काटा तीनवर जाऊन थांबायला हवा होता. गेला, दोन वळणं टिकला आणि मग घसरत २.२ वर आला. गाडीने ओळखीचा तो झटका दिला. वर्गमुळाच्या हिशोबाने जवळजवळ चौदा टक्के पेट्रोल कमी. मिस्त्रींनी मागच्या सीटवरून एवढंच सांगितलं, "हेडलाइट आन् एसी बंद करा." काटा अडीचच्या वर चढला.

हेडलाइटचा आणि पेट्रोलच्या दाबाचा संबंध काय? दोघांची वीज एकच. शिक्षक नंतर म्हणाले की हो, गाडी रात्रीच जास्त त्रास देते, पण हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मागचा हार्नेस उघडून, पंप चालू असताना कनेक्टरवर व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १३.८, पंपापाशी १०.६. तीन व्होल्टहून जास्त वाटेतच गडप. व्होल्टेज कमी तर पंपाची मोटर मंद, आणि मंद मोटर सपाटीला पुरते, चढाला पुरत नाही. कनेक्टरची एक पिन काळी पडलेली आणि पंपाच्या अर्थचा बोल्ट गंजून फुगलेला. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या गावांत गगनबावड्याचं नाव येतं, आणि ही गाडी वीस पावसाळे तिथे उघड्यावर उभी होती. बोल्ट घासला, पिन बदलली, पंपासाठी बॅटरीवरून रिले लावून जाड तार ओढली. पंप जुनाच ठेवला.

कुणाला हवा, कुणाला नको

शिक्षकांचं काम झालं, मीटर मात्र गाडीत राहिला. त्यांना आता तो बघायची सवय लागली आहे, असं मिस्त्री वैतागून सांगत होते. काटा दशांशाने हलला की फोन येतो.

सगळ्यांना हा मीटर बसवावा असं ते स्वतः म्हणत नाहीत. वॉरंटीतल्या गाडीचा पेट्रोल होज कापणं म्हणजे भांडण विकत घेणं. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या, प्लगवरून दाब वाचता येईल असं अनेकांना वाटतं, पण रेलवर सेन्सरच नसलेली गाडी तिथे काय उत्तर देणार? डिझेल कॉमन रेलचं तर नावही नको. रांजणगावात ज्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाने नाव काढलं त्याच्या रेलमध्ये सोळाशे बारपर्यंत दाब असतो. तिथल्या गळतीवर बोट ठेवलं तर डिझेल कातडीतून आत शिरतं. तिथे कंपनीचा सेन्सर आणि स्कॅनर, दुसरं काही नाही.

पोरं येतात आणि खांबावर तीन कप मागतात. मिस्त्री आधी ऑइल प्रेशर बसवायला सांगतात, कारण ऑइलचा दाब गेला तर इंजिन जागच्या जागी जातं. पेट्रोलचा गेला तर टर्बो नसलेली गाडी बहुतेक वेळा नुसतीच थांबते. टर्बोवाल्याला मात्र दोन्ही घ्यायला लावतात. बाकीच्यांसाठी त्यांच्याकडे एक जुना बूर्दों काटा आहे, लांब होज लावलेला. टीवर जोडायचा, होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढायचा आणि काटा विंडस्क्रीनवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवायचा, आतून वाचता येईल असा. एक चक्कर मारायची, आकडे वहीत लिहायचे, काढून ठेवायचा. त्याचे ते फार थोडे पैसे घेतात. बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं.